कातळावर ठेवलेले सात फोन

लोक महाडला जातात ते रायगडासाठी, नाहीतर चवदार तळ्यासाठी. मी गेले ते स्वतःचं कौतुक ऐकायला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कोणी फार चांगला समज करून घेणार नाही.

मी दातांची डॉक्टर. ठाण्यात तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावले आणि साठी उलटल्यावर दवाखान्याला कुलूप लावलं. तेवढ्यात एका संस्थेने मला गाठलं. खेड्यापाड्यातल्या नर्स आणि आशाताईंना तोंडाचा कॅन्सर वेळेत ओळखता यावा, म्हणून त्यांना ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा होता. बारा धडे, प्रत्येक चाळीस मिनिटांचा. शिकायचं मोबाइलवर, परीक्षा मोबाइलवर, प्रमाणपत्रही मोबाइलवर. मी चांगली साडी नेसून, तोंडाला पावडर लावून, एसीच्या थंडगार खोलीत बसून बारा धडे बोलले. प्रत्येक धड्याच्या शेवटी म्हणायचे, "तुमच्या मनात काही शंका असतील तर जरूर विचारा." मग संस्थेचे समन्वयक केतन कॅमेऱ्यामागून खूण करायचे, हसत राहा. मी पाच सेकंद हसत राहायचे.

वर्षभराने केतनचा फोन आला. पोलादपूरच्या डोंगरातल्या सात जणींच्या एका गटाने सगळे धडे पुरे करून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. महाडला त्यांचा सत्कार ठेवला होता आणि गुरू म्हणून मी हवी होते. गुरू म्हटल्यावर कोण नाही म्हणतं?

वीर

वीर स्टेशनवर उतरलं की महाड आलं असं होत नाही. स्टेशन एकीकडे, गाव दुसरीकडे आणि मधलं अंतर रिक्षावाल्यांच्या मालकीचं. आमच्या ठाण्याचा रिक्षावाला "कुठे जायचं?" विचारतो ते नाही म्हणण्यासाठी. इथला "कुनाकडं जायचं?" विचारतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय गाडी हलवत नाही. मी सांगितलं, हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे.

"कंपनीचा काय?" औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळे इस्त्रीचे कपडे घालून कोणी उतरलं की ते कंपनीचंच, असा इथला हिशोब.

"नाही, कॅन्सरचा."

"मंग जेवन असंल," तो म्हणाला आणि तंबाखूचा बार एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. मला राहवेना. गालाच्या आतला पांढरा चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, सगळं सुरू केलं. त्याने मन लावून ऐकलं. मग रिक्षा जरा कडेला घेऊन लांब पिंक टाकली आणि म्हणाला, "मॅडम, तुमी बोलता एकदम भारी." उतरल्यावर त्याने माझी बॅग हॉलच्या दारापर्यंत आणून दिली.

महाड

हॉलच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही हातभर वर, पाण्याची एक आडवी तपकिरी रेघ होती. वेटरला विचारलं, तर "पूर, मॅडम," एवढंच म्हणाला आणि खुर्च्या मांडत राहिला. त्या रेघेच्या वर संस्थेचा बॅनर होता. त्यावर जगाचा नकाशा, एक स्टेथोस्कोप आणि कुठल्याशा थंड देशातली गोरी नर्स. पोलादपूर दाखवायला एक लाल बाण काढला होता, तो गुजरातेत घुसला होता.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि म्हणाले, "कॅन्सरला तुम्ही घाबरू नका, कॅन्सर तुम्हाला घाबरला पाहिजे." टाळ्या पडल्या. कॅन्सरने कोणाला घाबरायचं, समोरच्या वेफर्सना की पाहुण्यांच्या पुष्पगुच्छाला, ते काही कळलं नाही. मग माझ्या धड्याचा एक तुकडा पडद्यावर लावला आणि नेट अडकलं. चार मिनिटं मी पडद्यावर आ वासून होते आणि खाली खुर्चीत दातओठ खात होते.

शेवटी माईक माझ्याकडे आला. समोर सात जणी निळ्या-पांढऱ्या साड्यांत, हातात प्रमाणपत्रं. मी म्हटलं, "भाषण नको, एक प्रश्न विचारते. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडात तुम्ही सगळ्यात आधी कुठे बघाल?" मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. इकडच्या बायका सकाळी दाताला लावायला बसतात त्या उठायचं नाव घेत नाहीत. सहाव्या धड्यात त्यावर मी चित्र काढून दाखवलं होतं. पैकीच्या पैकी गुणवाल्या सातही जणींनी माना खाली घातल्या. एकीने हळूच पाहिलं ते जेवणाच्या टेबलाकडे.

"मॅडम, नर्व्हस आहेत त्या," केतन कानाशी लागले. "डॅशबोर्ड बघा ना, सगळं हिरवं आहे." आणि खरंच त्यांनी मोबाइल काढून मला हिरवा रंग दाखवला.

जेवणात पनीर होतं. सावित्री नदीच्या काठावर येऊन, जिताड्यासारख्या माशाच्या मुलखात पनीर! मी रागारागाने हात धुवायला उठले, तेव्हा त्या सातांतली एक मागोमाग आली. वैशाली सिस्टर. पस्तिशीची, दमलेल्या चेहऱ्याची, डोंगरातल्या एका उपकेंद्राची नर्स.

"मॅडम, उद्या माझ्यासोबत वर याल? एक म्हातारी आहे. तोंडात जखम आहे, चार महिने झाले. मी चिठ्ठी दिली, हातापाया पडले, पण मुंबईला जायला तयार नाय."

"का?"

"म्हणते, आधी फोनातल्या बायला विचारायचंय. म्हणजे तुम्हाला. दुसऱ्या कुणाचं ऐकायला तयार नाय."

मला उगाचच बरं वाटलं. म्हटलं, कोणीतरी शिकलं तर खरं.

पोलादपूर

सकाळी लॉजच्या खाली पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या गर्दीत उभ्याने वडापाव खाल्ला आणि एसटीने पोलादपूर गाठलं. तिथून वर जायला मिनीडोर. ही तीन चाकांची, सहा माणसांची गाडी. आत आम्ही अकरा होतो, शिवाय एक कोंबडा. महामार्गावर कशेडी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकची रांग लागली होती. आमची गाडी तिच्याकडे पाठ करून डोंगराला लागली. कापलेल्या भाताची खाचरं, त्यांत ओलीवर पेरलेला वाल आणि पावटा. बघावं तिकडे कुलूप लावलेली घरं, पण रंग नवा. घरातली माणसं मुंबईला, ती गणपतीला आणि शिमग्याला येतात आणि घराला रंग देऊन जातात.

अर्ध्या वाटेत वैशालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळत कबुली दिली.

"मॅडम, खरं सांगू? तुमचा एकपण धडा मी बघितला नाय. आमच्यातल्या कुणीच नाय."

मला वाटलं, कोंबडाच ओरडला.

"आमच्याकडे रेंजच नाय. वाडीच्या वर वाघजाईचा कातळ आहे, तिथं तेवढी मिळते. त्यात दर पाच मिनिटांनी ते बटण येतं, 'मी पाहत आहे'. नाय दाबलं तर धडा पहिल्यापासून. चाळीस मिनिटं कातळावर बसले तर बाळांना डोस कोण देणार? गरोदर बाया कोण बघणार? म्हणून सगळ्यांचे फोन कातळावर ठेवतो. आज माझा पण बाकीच्यांनी वर नेऊन ठेवलाय. भागाबाय तिथं शेळ्या चारते, ती दाबते बटण. परीक्षेची उत्तरं ग्रुपवर येतात."

"आणि ही भागाबाय कोण?"

"तीच पेशंट."

मी तोंड फुगवून बसले. माझी साडी, माझी पावडर, माझी चित्रं, आणि प्रेक्षक कोण, तर शेळ्या! वरून केतनच्या हिरव्या रंगाला किती फसले, याचा संताप. वाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी साहेब त्या सात पोरींना नोटीस काढेल, आणि डोस द्यायला साहेब काही डोंगर चढणार नाही.

वाडी

गाडी जिथे थांबते तिथून अर्धा तास चढ. मी तीनदा बसले, एकदा शेणात. वर पोचले तेव्हा दिसलं ते असं: काळा रुंद कातळ, त्यावर ओळीने सात फोन, प्रत्येक फोन एकेका दगडाला टेकवलेला. सातांवर एकच टायवाले डॉक्टर सात वेगवेगळी वाक्यं बोलत होते. नवा अभ्यासक्रम आला होता, मधुमेहाचा. फोनांच्या मागे एक उंच, सुकलेली म्हातारी उकिडवी बसली होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत, हातात काठी. एका फोनावर बटण आलं, तिने बोटाच्या पेराने ते दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आलीस काय?" ती म्हणाली. "फोनात गोरी दिसतेस."

"नमस्कार, आजी."

"ह्यो बरा हाय," तिने टायवाल्याकडे काठी दाखवली. "ह्यो हसत नाय. तू हसतेस. मी तुला इचारलं, चार येळा इचारलं. माजा दत्ता मुंबैवरनं फोनात येतो, मी इचारते, जेवलास काय रे? तो सांगतो, जेवलो. तू म्हनतेस, इचारा. मी इचारते, आनि तू नुसती हसतेस आनि जातेस. मी म्हनलं, शिकलेली बाय हाय, म्हातारीला कशाला उत्तर देईल? मंग नात आली सुट्टीला, ती म्हनाली, आजी, ती बाय तिकडं नाय, ते आदीच बोलून ठेवलंय."

मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंग इचारा म्हनतेस कशाला गो?"

मी कपड्यांवरचं शेण झटकायला लागले. वैशाली फोन सारखे करत राहिली.

भागाबायला बारा धडे तोंडपाठ होते, कारण सात फोनांवर ते तिने सात-सात वेळा ऐकले होते. मिश्री जिथे दाबून ठेवतो तिथे आधी बघायचं, हे तिला माहीत होतं. नातीच्या आरशात तिने स्वतःच बघितलं होतं आणि तिला सापडलं होतं. माझा एकच विद्यार्थी पास झाला होता आणि तोच आजारी होता.

वैशालीकडे हातमोजे होते. भागाबायने उन्हाकडे तोंड करून आ केला. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून जखम होती. कडा वर आलेल्या, बोटाला कडक. हिरडीवरही उतरली होती. जबड्याखाली मानेत वालाच्या दाण्याएवढी गाठ लागली. मी हात काढून घेतला. तपासणी झाल्याशिवाय नाव घेऊ नये म्हणतात, पण माझ्या बोटांना नाव कळलं होतं.

"आजी, आता थांबायचं नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. लगेच."

"ते ठावं हाय मला. पंधरा दिवसांत जावा, सांगितलंस तू. दत्ता म्हनतो, शिमग्याला येतो, मंग बघू. मी म्हनलं, बरं. पन मला आदी एक सांग. किती कापतात?"

आणि मी काय म्हणाले? तोंडातून सवयीने निघालं, "ते तिथले डॉक्टर तपासून सांगतील."

ती उठली. "फोनात पन ह्येच म्हनलीस," म्हणाली आणि शेळ्यांकडे चालू लागली.

"मला पण तिने हेच विचारलं होतं, मॅडम," वैशाली म्हणाली. "मला कुठं माहीत? कोर्समध्ये नाय ना."

कोर्समध्ये नाही, हे खरं होतं. ऑपरेशनवर मी एक अख्खा धडा लिहिला होता. संस्थेच्या समितीने तो काढला. ऐकून लोक घाबरतील, म्हणे. त्याऐवजी घातलं एक वाक्य, 'पुढील उपचारांबाबत तज्ज्ञ मार्गदर्शन करतील', आणि माझं पाच सेकंदांचं हसू. मी भांडले नाही. त्या दिवशी मला लवकर घरी जायचं होतं. समितीला, केतनला, पाहुण्यांना नावं ठेवायला मी मोकळी होते, पण हे काम माझंच होतं आणि ते मी केलं नव्हतं.

मी तिच्या मागे गेले. ती बांधावर बसली होती. मी शेजारी बसले आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. "आतून गालाचा एवढा भाग काढतील. खालचा जबडा इथून इथपर्यंत, कदाचित. मानेतल्या गाठी काढतील. मग मांडीचं नाहीतर हाताचं मांस-कातडं घेऊन इथे लावतील. चेहरा या बाजूला थोडा बसेल. पुढे किरणांचे शेक द्यावे लागतील. नक्की मोजमाप तपासण्या झाल्यावर ठरेल, पण बेत साधारण असाच असतो."

"आनि जीब?"

"जीभ राहते. तिथे ते पोचलेलं नाही."

"बोलता येईल?"

"आधी जड बोलाल. मग सवयीने सुधारेल. पूर्वीसारखं अगदी स्पष्ट होईल, असं मी सांगत नाही."

"भाकर?"

"पहिले काही दिवस नाकातल्या नळीतून पातळ. मग पेज. मग हळूहळू भाकरी, उजव्या बाजूने."

तिने काठीने माती उकरली. "खालच्या वाडीची एक बाय मुंबैला गेली व्हती," ती म्हणाली. "परत आली ती बोलायचीच नाय. कुनी सांगितलं नाय काय झालं. मला वाटलं, सगल्यांची जीब काढतात."

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती वाटत होती.

"मी पयल्यांदा इचारलं, तवा तू सांगितलं असतंस, तर किती कापलं असतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी करंगळी पुढे केली आणि नखाकडे बोट दाखवलं. "बहुधा एवढं."

तिने माझी करंगळी हातात धरून नीट पाहिली. मला लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. तिने हात सोडला आणि कातळाकडे जाऊन टायवाल्या डॉक्टरांच्या सातांतल्या एका फोनावर बोट ठेवलं.

"वैशाले, दत्ताला लाव."

दत्ता मुंबईच्या एका सोसायटीत वॉचमन. त्याचा आवाज स्पीकरवर आला, "काय गो आये?"

"शिमग्याला येऊ नको. उद्या पनवेलला ये. मी येते हाय बायसंगती."

"आये, सुट्टी नाय मिलत अशी, मी आपल्या गावच्या मंडळातल्या मानसांना इचारून..."

"मी इचारत नाय रे, सांगते हाय. तोंडाला कॅन्सर झालाय, मला समदं ठावं हाय. पिशवी भरते," ती म्हणाली आणि पेराने फोन बंद केला.

मग तिने आम्हाला घरी नेऊन नाचणीची भाकरी, पावट्याची भाजी आणि भाजलेलं सुकट वाढलं. महाडच्या हॉलमधल्या पनीरच्या तोंडात मारेल असं ते जेवण होतं. ती स्वतः भाकरी पाण्यात भिजवून खात होती. ती समोर बसून बघत होती, म्हणून मी ताट साफ केलं.

परत

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी शेळ्या शेजारणीच्या स्वाधीन झाल्या आणि वैशाली आम्हाला वीरपर्यंत सोडायला आली. महाडला रेंज आल्याबरोबर मी केतनला फोन केला. म्हटलं, ऑपरेशनचा धडा परत घाला, मी फुकट बोलते, आणि प्रत्येक धड्याखाली माझा फोन नंबर द्या. ते म्हणाले, "मॅडम, फीडबॅक फॉर्ममध्ये टाका ना. पण सिलॅबस लॉक झालाय." मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. वैशालीने मात्र तिथेच माझा नंबर घेतला आणि बाकीच्या सहा जणींना पाठवला. पाच जणींचे फोन मला आतापर्यंत येऊन गेलेत.

गाडी सुटली तशी भागाबाय सुरू झाली. कापणारा बाप्या असतो की बाई? लुगडं अंगावर ठेवतात का? मिश्रीची डबी पिशवीत आहे, ती काढून घेतील काय? भूल उतरली नाही तर? नात फोनात बघेल तेव्हा घाबरेल काय? मेले तर वाडीत आणतात की तिकडंच जाळतात? माणगाव गेलं, कोलाड गेलं, रोहा गेलं. मला ठाऊक होतं ते मी सांगितलं, ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हटलं. समोरच्या बाकावरच्या बाई आधी नाक मुरडत होत्या, पेणनंतर कान देऊन ऐकायला लागल्या. यातला एकही प्रश्न बारा धड्यांत कुठे नव्हता.

पनवेलला दत्ता फलाटावर उभा होता, वॉचमनच्या गणवेशातच, रडवेला. त्याने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला दंडाला धरून निघाला. "चल आये, उशीर होतोय."

तिने दंड सोडवून घेतला आणि फलाटावरच्या बाकावर बसली. शेजारची जागा हाताने झाडून मला बस म्हणाली.

"थांब रे दत्ता," ती म्हणाली. "माजं अजून इचारून झालं नाय."